दोन पाय, दोन मापं

ज्यांचं काम मी केलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे मी विसरले आहे. घोटे मात्र आठवतात. कुणाचा सुपारीसारखा टणक बाहेर आलेला, कुणाचा मांसात बुडून गेलेला, कुणाचा एक उजवीकडे झुकलेला. अजूनही रस्त्यात कुणी समोरून आलं की माझी नजर आधी त्याच्या पाटलोणीच्या खालच्या काठावर जाते. सुनांना त्याची लाज वाटते. पण चाळीस वर्षांची खोड आहे, ती आता कुठे जाणार?

या दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला अंकाची मंडळी घरी आली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी कपडे शिवले नाहीत. कपडे आमच्या ह्यांनी शिवले. मी नुसते पाय दुमडले." ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते.

माझं माहेर मुरबाडचं आणि सासर शहापूरचं. दोन्हीकडे शिंपीकामच. आमचे हे बाजारात एका कापडवाल्याच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसत. माप घेणं, बेतणं, मशीन मारणं हे सगळं तिथे व्हायचं. पाटलोणीचे पाय मात्र ते खालून उघडे ठेवत आणि दुपारी जेवायला येताना गाठोडं घरी आणत. काजं, बटणं आणि पायाची तुरपाई हे घरातल्या बाईचं काम. शिंप्याच्या घरात त्याला कुणी काम म्हणत नसे. स्वयंपाक उरकला, भांडी झाली, की "जरा तेवढं घे हातात," असं सासूबाई म्हणत.

तुरपाई मला माझ्या वडिलांनी शिकवली, लग्नाच्या आधी. पायाचा काठ आधी पाव बोट आत मोडायचा, मग हवा तेवढा दुमडायचा. दोरा एकेरी, मेणातून काढलेला. सुईने दर्शनी कापडाचा एकच धागा उचलायचा, दोन नाही, आणि मग दुमडीच्या काठातून बाहेर यायचं. दोरा ओढायचा नाही. ओढला की बाहेरून खळगा दिसतो. वडील शिवलेला पाय उजेडात धरून बाहेरच्या बाजूने बघत. एक जरी टाका दिसला तरी सगळा उसवून पुन्हा माझ्या मांडीवर टाकत. पहिल्या वर्षात मी शिवलं कमी आणि उसवलं जास्त.

दुमडीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पोरगं वाढतं, कापड धुऊन आटतं, थोरल्याची पाटलोण धाकट्याकडे जाते, त्यासाठी माया हवी. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात कापड रेशनवर आलं तेव्हा बरेच शिंपी माया ठेवीनासे झाले. आमच्याकडून मात्र दोन बोटं माया ठेवल्याशिवाय पाय बाहेर गेला नाही.

आता प्रकार सांगते, म्हणजे नुसते पाय दुमडणं म्हणजे काय ते कळेल. लेंगा सगळ्यात सोपा, चार बोटं रुंद दुमड आणि सरळ टाका. खाकी अर्धी चड्डी त्याहून अवघड. जंगलखात्याचे गार्ड आणि पोलीस ती घालत. ड्रिलचं कापड इतकं जाड की सुई मोडायची, म्हणून शिवणीवर आतून साबण घासायचा. गार्ड गुडघे टेकून उभा राहिला की चड्डीचा काठ जमिनीपासून चार बोटं वर हवा, असा त्यांचा नियम. रेंजरसाहेबांची बिरजीस म्हणजे घोड्यावर बसताना घालायची विजार, ती गुडघ्याखाली घट्ट आणि बटणांची. तिथे अर्धा दोरा इकडेतिकडे झाला तर साहेबांची पोटरी काचायची. आणि साहेबी पाटलोण असायची ती पाय बाहेरून वर मुडपलेली. तिचा काठ मागे अर्धं बोट खाली ठेवायचा, म्हणजे बुटावर नीट बसतो. आमच्या गावात एक वकील होते, त्यांच्या त्या मुडपीत दर वेळी मूठभर सुपारीची खांडं आणि एखादं चुरगळलेलं पान निघायचं. एकदा त्यातून कोर्टाच्या कागदाची घडी निघाली. मी ती तशीच परत पाठवली. वकीलसाहेबांनी निरोप धाडला, "आठ दिवस शोधत होतो, बाईंना नमस्कार सांगा." मुडपी त्यांनी पुढेही तशाच ठेवायला लावल्या.

हळूहळू लोक पाय खालीवर करायला थेट घरीच येऊ लागले. परक्या पुरुषाच्या पायाला हात लावायचा नाही, तर माप घ्यायचं कसं? त्यावर मी एक तोड काढली. गिऱ्हाईक आमच्या ओट्याच्या कडेला उभं राहायचं आणि मी खाली अंगणात पाटावर बसायची. घोटे बरोबर डोळ्यांसमोर यायचे. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने काठ दुमडायचा, मी "जरा वर, थोडं खाली" सांगायचं आणि शेवटी साबणाच्या चिपेने खूण करायची. सासूबाई दारात तांदूळ निवडत बसायच्या. त्यांचं लक्ष तांदळाकडे नसायचं.

या ओट्यापायी माझ्या हातून एक चूक झाली, तीही लिहिली पाहिजे. डोंगरातल्या पाड्यावरून एक ठाकर आला होता. कुणा साहेबाने त्याला जुनी खाकी पाटलोण दिली होती, ती फार लांब होत होती. तो ओट्यावर पाय ठेवणार तोच सासूबाई म्हणाल्या, "तू खालीच थांब." तो खाली थांबला. मीही काही बोलले नाही. आमचं अंगण एका बाजूला उतरतं होतं. जमिनीला गाल लावल्यासारखी वाकून मी त्याचं माप घेतलं आणि ते चुकलं. डावा पाय दीड बोट वर राहिला. त्याने ती पाटलोण घातली, खाली बघितलं, मला हात जोडले आणि तो निघून गेला. पुढे दोन वर्षं दर बाजारी तो मला त्याच पाटलोणीत दिसायचा. मी एकदा त्याला गाठून म्हटलं, "दे, नीट करून देते." तो हसून म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाई, बरी हाय." त्यानंतर आमच्या ओट्यावर कोण उभं राहणार हे मी ठरवायला लागले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्या ठाकराची शिवण वाकडीच राहिली, आणि ती मी केलेली होती.

लढाई संपली त्या सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळची वेळ होती. दारात बैलगाडी थांबली आणि तिच्यातून कुबड्या घेतलेला एक तरुण उतरला. अंगात लष्करी सदरा, खाली लष्करी पाटलोण. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पाटलोणीचा रिकामा पाय वर घेऊन सेफ्टी पिनेने टाचलेला होता.

"शिंपीणबाई तुमीच का?" त्याने विचारलं. "मुरबाडच्या मास्तरांनी धाडलाय. बोलले, आता माझा हात कापतो, शहापूरला माझी पोर हाय तिच्याकडं जा."

मास्तर म्हणजे माझे वडील. सगळं मुरबाड त्यांना टेलरमास्तर म्हणायचं. या मुलाचं नाव काशिनाथ. मुरबाडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या कुणब्याचा मुलगा, पलटणीत गेलेला. इटलीत सुरुंगावर पाय पडला होता.

मी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तो म्हणाला, "वयनी, ह्यो रिकामा पाय गुडघ्यापासनं कापून टाका नि तोंड शिवून टाका. पिना टोचतात."

मी त्याला आमच्या ह्यांचा लेंगा घालायला दिला आणि पाटलोण हातात घेतली. चांगलं जाड कापड होतं. कात्री शेजारीच होती, पण माझा हात तिच्याकडे जाईना.

"लाकडी पाय मिळतो म्हणतात ना पुण्याच्या लष्करी इस्पितळात?" मी विचारलं.

"नाव लावलाय. कवा मिळंल कोन जाणे."

"मग कापायचं कशाला? मिळाल्यावर हेच कापड लागेल. मी आत घेऊन टाके घालते."

त्याचा चेहरा एकदम लाल झाला. "थट्टा करताव का गरिबाची? जो तो बोलतो, पाय येल, पाय येल. आमची आय पन तेच बोलते. कापा म्हटला तर कापा!"

सासूबाईंचे हात तांदळात थांबले. मलाही भीती वाटली, कारण त्याचा आवाज चढला होता. पण मी म्हटलं, "बाबा रे, कापणं एका क्षणाचं काम आहे. ते तू कुठूनही करून घेऊ शकतोस. माझ्याकडून हवं असेल तर मी कापणार नाही."

त्याने कुबड्या जवळ ओढल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मग म्हणाला, "टोचाला नको, एवढाच बघा."

मी तो पूर्ण पाय आतल्या बाजूला घडी घालून घेतला आणि लांब टाक्यांनी बसवला, बाहेरून सपाट, आतून मऊ. त्याने घालून बघितली, गुडघ्याखाली हात फिरवला आणि गाडीत बसला. मला वाटलं, हे गिऱ्हाईक काही परत यायचं नाही.

तो परत आला ते होळीच्या आधी. या वेळी कुबड्या नव्हत्या, हातात एक काठी होती. पायात दोन बूट होते आणि त्यातला एक लाकडी पायाचा होता. माझे लांब टाके कुणीतरी दाताने तोडून ओबडधोबड उसवले होते, तरी कापड शाबूत होतं.

"वयनी," तो म्हणाला, "तुमी कापला नाय ते बरा झाला." एवढं बोलून त्याने खाली बघितलं. मग सगळं सांगितलं. पलटणीत जाण्याआधी त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी मुरबाडचीच, नाव हौसा. ती थांबली होती. पण तिचा बाप आता मागे सरत होता. त्याने निरोप धाडला होता की मुलाला माझ्या अंगणात चालून दाखवू दे, मग बघू.

"बैल इकत घेताना चालवून बघतात, तसा," काशिनाथ म्हणाला. "जातो मी. चालून दाखवतो. पाय लाकडाचा हाय हा सगळ्यांना ठावं हाय, मला काय लपवाचा नाय. पन वयनी, त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघावा. पायाकडं मागनं बघावा. एवढा करा."

असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. लोक सांगायचे, एक बोट वर घ्या, दोन बोटं खाली करा. हा सांगत होता, लोकांची नजर वर न्या.

मी नेहमीसारखं त्याला ओट्याच्या कडेला उभं केलं, दोन्ही पायांचं सारखं माप घेतलं आणि त्याच दिवशी शिवून दिलं. उभा राहिला की पाय अगदी समान. चालायला लागला आणि सगळं बिघडलं. लाकडी पायाचा घोटा वाकत नाही. तो पाय कमरेतून फेकला जायचा आणि पाटलोणीचा काठ बुटाच्या टाचेखाली सापडायचा. शिवाय लाकूड पोटरीपेक्षा बारीक, त्यामुळे कापड त्याला चिकटायचं, आणि आतली काठीसारखी नळी दर पावलाला दिसायची.

मी उसवलं. दुसऱ्यांदा तो पाय अर्ध्या बोटाने वर घेतला. आता टाच अडकेना, पण बुटाच्या वरचं लाकूड उघडं पडलं.

तिसऱ्यांदा उसवायला घेतलं तेव्हा आमचे हे जेवायला आले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, एवढं कशाला? पाय लाकडाचा तो लाकडाचाच दिसणार."

मी म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या."

मग मी काशिनाथला सांगितलं, उभा राहू नकोस, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहा. मी अंगणात पाटावर बसले आणि नुसती बघत राहिले. दहा फेऱ्या झाल्या असतील. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उभ्या माणसाचं माप घेत होते आणि हा मनुष्य तर चालायला निघाला होता. चांगल्या पायाचं माप उभं राहूनच घ्यायचं. लाकडी पायाचं माप तो पुढे पडतो त्या क्षणी घ्यायचं. दोन पाय, दोन मापं.

लाकडी पायाचा काठ मी पुढून पाव बोट वर घेतला आणि मागून खाली उतरता ठेवला. कापड चिकटू नये म्हणून दुमडीच्या आत चांभाराकडून आणलेली चामड्याची बारीक पट्टी बसवली. तिच्या वजनाने काठ सरळ लोंबू लागला. कोळशाच्या इस्त्रीने पुढची घडी अशी कडक केली की नजर तिच्याबरोबरच वर जावी. त्याने घातली आणि तो चालला. सासूबाई उठून ओट्यावर आल्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा चाल बघू." तो पुन्हा चालला. "कुठला पाय रे तुझा लाकडाचा?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांना खरंच कळलं नव्हतं की माझ्यासाठी तसं म्हणाल्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. काशिनाथ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

होळी झाल्यावर मी माहेरी गेले होते. काशिनाथ हौसाच्या घरी जाणार त्या दिवशी वडील म्हणाले, "तुझं काम आहे, तू बघायला चल." हौसाचा बाप वडिलांचं जुनं गिऱ्हाईक, आम्हाला तिथे कुणी परकं समजलं नसतं. आम्ही गेलो. अंगणाच्या कडेला माणसं जमली होती. हौसाचा बाप पडवीत बाजेवर बसला होता. तोंडावर काही दिसत नव्हतं.

काशिनाथ फाटकातून आत आला. काठी त्याने बाहेरच टेकवून ठेवली होती. तो चालू लागला आणि मी माणसांकडे बघू लागले. ती सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मला इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवू असं झालं.

अंगणाच्या मध्यावर त्याचा बूट सरकला आणि तो आडवा पडला.

कुणी हललं नाही. पाटलोण गुडघ्यापर्यंत वर गेली होती आणि लाकडी पाय, त्याचे पट्टे, सगळं उन्हात उघडं पडलं होतं. आता मात्र सगळे पायाकडेच बघत होते. मी काठाचा विचार केला होता, टाचेचा केला होता, पण बुटाच्या तळाचा केला नव्हता.

दारातून एक मुलगी बाहेर आली. तीच हौसा. ती बापाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "बाबा, आंगण मीच सारवलाय सकाळी, पावनं येनार म्हनून. अजून वाळला नाय. त्येंचा काय दोष? तुमीच चालून दाखवा बघू आंगणातनं!"

बाप तिच्याकडे बघत राहिला. मग तो खरोखरच बाजेवरून उठला, अंगणात उतरला, आणि तिसऱ्याच पावलाला त्याचा पाय घसरला. त्याने पडता पडता काशिनाथचाच खांदा धरला, कारण तोवर काशिनाथ आपला आपण उठून उभा राहिला होता. आधी माझे वडील हसले. मग हौसाचा बाप हसला आणि मग सगळं अंगण.

"उठतो तरी नीट," बाप म्हणाला. "चला, पानी घ्या."

मी पटकन पाटलोणीकडे बघितलं. शेण लागलं होतं. टाका एकही सुटला नव्हता.

लग्न वैशाखात झालं. लग्नानंतर आठ दिवसांनी हौसा गाडी करून शहापूरला माझ्याकडे आली. म्हणाली, "दर पाटलोणीला तेवढ्यासाठी शहापूर गाठाचा का? मला शिकवा गो." मी तिला ठेवून घेतलं. वडिलांनी मला शिकवलं तसंच शिकवलं. पहिले दोन दिवस तिने जे शिवलं ते सगळं मी उसवून तिच्या मांडीवर टाकलं. तिसऱ्या दिवशी ती रडली. पाचव्या दिवशी तिचा टाका बाहेरून दिसेनासा झाला.

त्यानंतर मुरबाडकडचे असे दोन-तीन जण, लढाईतून आलेले, एक गिरणीत पाय गेलेला, हौसाकडेच जाऊ लागले. माझ्याकडे तिकडचं कुणी येईना. आमचे हे म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक तिने नेलं." मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी भातं झोडून झाल्यावर दोघं मला भेटायला आली. कडेवर लहान मूल होतं. गप्पा झाल्या, चहा झाला. जाताना मी काशिनाथला म्हटलं, "जरा ओट्यावर चढ." तो चढला, मी अंगणात बसले आणि पाटलोणीचा काठ बघितला. बाहेरून टाका दिसत नव्हता. पण काठ माझ्यापेक्षा मऊ लोंबत होता. मी हौसाकडे बघितलं.

"चामडा काढला मी," ती जरा भीत भीतच म्हणाली. "भाताच्या आवनीच्या चिखलात भिजला की कडक व्हायचा नि लाकडावर वाजायचा. बाजेची नवार असते ना, तिची दुहेरी पट्टी घातली. भिजली तरी वाळते. चुकला का काय?"

मी त्याला पाटलोण बदलायला लावली आणि ती उलटी करून बघितली. नवारीची पट्टी एकसारखी बसली होती. काशिनाथ शेतकरी आहे, वर्षातले चार महिने चिखलात उभा राहणार आहे, हे मला सुचायला हवं होतं. मला ओट्यावरून दिसलं ते एवढंच की तो चालतो कसा. तो चालत कुठे जातो, ते हिने बघितलं.

"चुकलं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं होतं."

पुढे माझ्याकडे लाकडी पायाची जेवढी माणसं आली, तेवढ्यांना मी नवारीचीच पट्टी लावली. गिऱ्हाईक तारीफ करायचं, आणि आमचे हे जेवता जेवता मान डोलवायचे. मी मात्र प्रत्येकाला सांगायची, हे माझं नव्हे, हे मुरबाडच्या हौसाबाईंचं काम.